साखरखेर्डा अजून ओली आहे

आमच्या घरमालकांनी "चहा झाला" असं साध्या शब्दांत कधी सांगितलं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करून ते गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "चहाची गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी नोंद घ्यावी." वरच्या मजल्यावर प्रवासी मी एकटीच होते.

सगळी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर बसस्टँड सुटलं, घोषणा सुटल्या नाहीत. काकू माहेरी गेल्या की "मालकीणबाईंची गाडी अनिश्चित काळासाठी रद्द." वीज गेली की "तांत्रिक कारणामुळे अंधार." शेजारच्या मुलीची सोयरीक मोडली तेव्हाही त्यांनी ओसरीवरून काहीतरी जाहीर केलं होतं. त्यानंतर शेजाऱ्यांनी बरेच दिवस बोलणं टाकलं. त्यांना ते कळलंही नाही, कारण बोलायचे तेच.

मी कापसाची ग्रेडर. दिवाळी झाली की बॅग उचलून मोताळ्याला यायचं, जिनिंगच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांमधला कापूस चिमटून बघायचा, त्याची प्रत ठरवायची, शिव्या खायच्या आणि होळीच्या सुमारास हंगाम आटोपला की आपल्या घरी परत. असे चार हिवाळे मी त्यांच्या वरच्या खोलीत काढले. त्यामुळे हा माणूस मला फक्त थंडीतला माहीत आहे. उन्हाळ्यात तो कसा असायचा ते मी पाहिलेलं नाही. कदाचित शहाणा असेल.

पहिल्या दिवशी मी भिंतीवर दोन फोटो लावले, एक बुद्धांचा आणि एक बाबासाहेबांचा. काकू अंथरुणाची चादर द्यायला वर आल्या, फोटो बघितले, चादर दिली आणि गेल्या. वागायला बाई अगदी नीट. पण मी चहा केला आणि विचारलं की म्हणायच्या, "आत्ताच झाला बाई." सकाळी गेलं तरी आत्ताच झाला, दुपारी गेलं तरी आत्ताच झाला. एवढा चहा पिणारी बाई जगली कशी, असा मला प्रश्न पडायचा. मला काही त्याचं वाईट वाटत नव्हतं. एका माणसाचं दूध वाचत होतं.

काकांचं तसं नव्हतं. ते माझा चहा प्यायचे, वर बशी पुसूनही प्यायचे. पण एकदा चहा पिता पिता फोटोंकडे बघत त्यांनी फार आदरानं विचारलं, "मॅडम, राग नका मानू. तुमच्याकडच्या बुढ्या लोकायले येत असन ना हो, कातडं टिकवाचं?"

मी कप खाली ठेवला. "माझे वडील हेडमास्तर होते. आता पाली भाषा शिकताहेत. पाली येते त्यांना. चालेल?"

काका विचारात पडले. "पालीचं इथं काही काम नाही," ते गंभीरपणे म्हणाले, आणि बशी पुसून निघून गेले.

अपमान करायचा म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर कातडं टिकवायचं होतं. त्यामागची गोष्ट मला काकूंकडून तुकड्यातुकड्यानं कळली.

मोताळ्यापासून जवळच त्यांचं गाव. गावात यांचं पाटलांचं घर. होळी पेटवायचा मान या घराकडे, आणि वडिलांनी जाताना तो थोरल्याला सोडून या धाकट्याच्या हाती दिलेला. रीत अशी, की आधी डफडं वाजायचं आणि पहिल्या ठोक्यावर होळीला टेंभा लावायचा. डफडं वाजवायचं काम अर्थातच पाटलांचं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं. माझ्या आजोबांनी आमच्या गावात सोडलं तसंच. आमच्या आजोबांनी तर डफडं विहिरीत टाकलं आणि वर दगड टाकला, म्हणजे कुणाला बाहेर काढायची बुद्धी नको. यांच्या गावाने मग बँड लावून बघितला, तो परवडेना. शेवटी पोरांनी ट्रॅक्टरवर डीजे आणला. एका होळीला काकांनी टेंभा उचलला आणि डीजेवर कुठलंसं आयटम गाणं असं काही दणाणलं, की त्यांचं धोतर थरथरलं. तसाच टेंभा धरून ते उभे राहिले. त्यांनी होळी पेटवली, पण घरी आल्यावर देवापुढे बसून सांगितलं, यापुढे डफडं वाजल्याशिवाय मी जाळ लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते भीमनगरात गेले, म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांची वस्ती आहे तिथे. वाजवणारा कुणी मिळतो का बघायला. तिथे ओसरीवर बसलेल्या एकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाटील, आमचा पोट्टा पुण्यात इंजिनिअर हाये. त्याले बलावू काय डफडं वाजवाले? एवढी हौस असन तर तुम्हीच वाजवा ना."

तो टोमणा होता. कुणालाही कळेल असा. काकांनी तो सल्ला समजून घेतला. घरी येऊन काकूंना म्हणाले, "बरोबर बोलला तो. मीच वाजवतो."

ही बातमी थोरल्या भावाच्या कानावर गेली. ते दुसऱ्याच दिवशी मोताळ्याला आले. ओसरीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच म्हणाले, "काऊन बे, डोकं फिरलं काय तुहं? पाटलाचं पोरगं डफडं बडवन? एक सांगून ठेवतो. डफडं हाती धरलं तर टेंभ्याले हात लावाचा नाही. मान माह्या पोराकडे जाईन."

"जाऊ द्या," काका म्हणाले.

काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते हे 'जाऊ द्या'. वडिलांनी दिलेला मान, गावात चारचौघांत असलेली एवढी एकच गोष्ट, आणि हा माणूस ती अशी सोडून देतो जशी कुणी बसमधली जागा सोडावी.

दुसऱ्या हिवाळ्यात मी आले तेव्हा गच्चीवर, माझ्या खोलीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत बोकडांची कातडी टांगलेली होती. आधी वास आला, मग कातडी दिसली. खरं म्हणजे बसमधून उतरले तेव्हाच वास आला होता, पण तेव्हा मी दोष गटारीला दिला.

काकांचा एक सिद्धांत होता. कातड्यानं एक हिवाळा खाल्ला पाहिजे. दिवाळीला आणलेलं कातडं होळीपर्यंत टिकवलं, थंडी त्याच्यात मुरली, की त्याला आवाज येतो. हा सिद्धांत कुणी सांगितला असं मी विचारलं. म्हणाले, "सुचला."

काका गळ्यात तुळशीची माळ घालायचे. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य. असा माणूस आठवडी बाजाराच्या दिवशी माळ बनियनच्या आत ढकलून मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहायचा. नंबर आला की खालच्या आवाजात सांगायचा, "भाई, मटण नको. नुसता सदरा द्या."

दुकानदार भाई मोठा मिस्कील. तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडायचा, "अरे, काका का सदरा लाओ! नाप बराबर देखना!" रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. काका मात्र पिशवीत ऐवज घेऊन, मान ताठ ठेवून, जणू भाजी घेतली अशा थाटात घरी यायचे.

कातडं टिकवायचं कसं तेही त्यांनी भाईलाच विचारलं. भाई म्हणाला, नमक लगाओ. भाईची कातडी कारखान्याला जायची, त्यांच्यासाठी मीठ बरोबर होतं. वाजवायच्या कातड्याला चालतं का, हे काकांनी विचारलं नाही आणि भाईनं सांगितलं नाही. काकांनी पोत्यानं खडे मीठ आणलं. खुरप्यानं आतली चरबी खरवडायची, मीठ चोळायचं, घडी घालायची, तिरप्या फळीवर थप्पी लावायची म्हणजे पाणी निथळतं, मग पुन्हा उघडून पुन्हा मीठ. उंदरांसाठी कडुलिंबाचा पाला. किड्यांसाठी हळद. कुत्र्यांसाठी उपाय नव्हता. गल्लीतली कुत्री आमच्या जिन्यापाशी येऊन भक्तिभावानं वर बघत बसायची.

आणि प्रत्येक कातड्याला नाव. बोकड जिथला असेल त्या गावाचं. चिखली, नांदुरा, मेहकर. रोज सकाळी काका पत्र्याच्या खोलीत जायचे, बोटानं दाबून बघायचे आणि गच्चीच्या कठड्याशी येऊन जाहीर करायचे, "चिखली वेळेवर आहे. नांदुरा एक दिवस उशिराने सुकत आहे. मेहकर..." इथे त्यांचा आवाज उतरायचा. मेहकरला कोपऱ्यातून कूज लागली होती. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मेहकर रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आणि फावडं घेऊन ते तिला मागच्या अंगणात पुरायला गेले. रात्रीतून कुत्र्यांनी मेहकर पुन्हा सुरू केली ती गोष्ट वेगळी.

साखरखेर्डा ही त्यातली राणी. त्यांच्या बहिणीच्या गावी कुणाच्या तरी नवसाची कंदुरी झाली, तिथल्या मोठ्या काळ्या बोकडाचं कातडं. काका ते गोणपाटात गुंडाळून बसनं घेऊन आले. चिखलीला गाडी बदलली. दोन्ही गाड्यांत त्यांना बसायला मागची अख्खी बाजू मिळाली. "कंट्रोलर होतो म्हणून अजून मान देतात लोक," असं ते मला म्हणाले.

त्या हिवाळ्यात एक चांगली गोष्ट झाली. काकू माझ्याकडे चहा प्यायला लागल्या. त्यांच्या घरात खालपर्यंत वास, माझ्या खोलीत मी खिडकीच्या फटींना जुनी साडी कोंबून उदबत्ती लावलेली. पहिल्या दिवशी त्या नाकाला पदर लावून आत आल्या, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, चहा टाक. दूध जास्त." मी टाकला. त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून घोट घेतला आणि सुस्कारा सोडला. "इतक्या वर्षात याह्यनं मले एक शालू नाही आणला. बोकडाचे सदरे आणून राह्यले."

पाटलांच्या घरात कातडी टांगलेली, आणि पाटलीणबाई स्वच्छ हवेसाठी माझ्या खोलीत. आमच्या आजोबांना हे बघायला मिळायला हवं होतं. विहिरीतल्या डफड्यानं सुद्धा टाळी दिली असती.

काकांचा माझ्यात जीव होता तो एका मशीनसाठी. कापसातला ओलावा मोजायचं मशीन आमच्याकडे असतं. सुया कापसात खुपसल्या की आकडा येतो. आठ टक्के म्हणजे उत्तम, बारापर्यंत चालतो, त्यापुढे गाडी परत. हे एकदा मी बोलता बोलता सांगितलं आणि फसले. काका रोज मागे लागले, "मॅडम, एकदा साखरखेर्ड्याले लावून पाहा ना."

"ते सरकी-कापसाचं मशीन आहे काका. बोकडाचं नाही."

"बोकड काय, कापूस खात नाही काय?"

एका रविवारी मी मशीन आणलं आणि साखरखेर्ड्याला सुया लावल्या. आकडा चढत गेला, थांबेचना, शेवटी पडदाच कोरा झाला.

"काय म्हणते?" काका श्वास रोखून.

"पुढचं स्टेशन विहीर, म्हणते."

मी त्यांना समजावून सांगितलं. मिठाला पाणी सुटतं. बरणीत सुटतं तसं कातड्यातही सुटणार. रोज पहाटे दव पडतं, मीठ ते ओढून घेतं, दुपारी वाळल्यासारखं वाटतं आणि सकाळी पुन्हा ओलं. मीठ काढल्याशिवाय हे कातडं कोरडं होणार नाही.

"लोणच्यात मीठ असते," काका म्हणाले. "लोणचं वर्षभर टिकते."

"लोणचं वाजवता का तुम्ही?"

ते रुसून खाली गेले. त्या दिवशी चहाची गाडी लागली नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी नव्या आणलेल्या कातड्यांपैकी एक चुन्यात घालून केस काढले, सुताराकडून करून आणलेल्या लाकडी कड्यावर ताणलं आणि डफडं तयार केलं. सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. सगळे म्हणजे मी आणि काकू. कामटीनं जोरात ठोका दिला. फद्द. ओल्या भिंतीवर शेण थापल्यासारखा आवाज. काकूंनी एवढंच म्हटलं, "हे ऐकाले बापानं दिलेला मान सोडला काय?"

त्या होळीला काका गावी गेलेच नाहीत. थोरल्यांच्या मुलानं टेंभा लावला, डीजे वाजला, आणि गावात बोलणं झालं की धाकट्याची डफडं वाजवायची तर नाहीच, तोंड दाखवायचीही हिंमत नाही. हे ऐकून काका दोन दिवस बोलले नाहीत. घोषणासुद्धा नाही. एवढी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती आणि मला ती मुळीच आवडली नाही. तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीतून पाणी ओतल्याचा आवाज आला. काका साखरखेर्ड्याला पिंपात बुडवून धूत होते. धुवायची, पाणी जिभेनं चाखून बघायचं, खारट लागलं की ओतायचं, पुन्हा भरायचं. तुळशीची माळ घातलेला माणूस बोकडाचं पाणी चाखतो आहे हे काकूंना कळू नये म्हणून मी खोलीचं दार लावून घेतलं.

चौथ्या हिवाळ्यात साखरखेर्डा केस काढून, ताणून, डफड्यावर चढलेली होती. ते डफडं काकांनी आमच्या गच्चीवर नुसतं ठेवलं नाही, वागवलं. ऊन असेल तर उन्हात, दव पडायच्या आत घरात, घरात म्हणजे स्वतःच्या पलंगावर. काकू दुसऱ्या खोलीत झोपायला गेल्या. रोज संध्याकाळी मी जिनिंगमधून आले की तो माणूस जिन्यात उभा. "मॅडम, मशीन नको. बोटानं सांगा. किती असन?"

मी कड्याबाहेर उरलेल्या कातड्याला चिमटा घ्यायचे, डफड्याला नाही. "चौदा."

"आठ नाही?"

"चौदा, काका."

"साखरखेर्डा अजून ओली आहे," ते गल्लीला जाहीर करायचे, आणि डफडं कुशीत घेऊन जायचे.

एकदा फोनवर मी हे वडिलांना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "त्याले सांग, आमची होळी आधी पेटायची."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी लहान होतो. झोपतो आता." आणि फोन ठेवला. मला वाटलं म्हातारपणी माणूस बढाया मारतो तसलं काहीतरी.

त्या वर्षी हंगाम होळीच्या आदल्या दिवशीच आटोपला. काकू म्हणाल्या, "तू चाल बाई गावाले. तिथं माह्या बाजूनं बोलाले कोणी नाही." त्या कोणाच्या बाजूच्या होत्या हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, पण मी गेले.

दुपारीच अवकाळी पाऊस झाला. शेतातला काढलेला हरभरा भिजला म्हणून गाव आधीच वैतागलेलं. रिक्षातून जाताना आम्ही भिजलो. डफडं नाही भिजलं, त्याला काकांनी स्वतःच्या कोटात गुंडाळलं होतं. पण हवेत एवढी ओल, की कोट काय करणार?

दिवेलागणीला गाव मारुतीच्या पारापाशी जमलं. उंचवट्यावर होळी रचलेली. थोरले नवा फेटा बांधून उभे, त्यांच्या मुलाच्या हातात टेंभा, आणि घरच्या देव्हाऱ्यातला दिवा टोपलीखाली झाकून आणलेला. डफडं वाजेपर्यंत जाळ उघडा करायचा नाही. बाजूला ट्रॅक्टरवर डीजे तयार, पोरं मोबाईल धरून उभी. पाटील डफडं वाजवणार हे बघायला भीमनगरातलीही माणसं खालच्या अंगाला येऊन थांबली होती.

काकांनी कोटातून डफडं काढलं, कामटी उचलली आणि ठोका दिला.

फद्द.

कुणीतरी हसलं. काकांनी पुन्हा ठोकलं. फद्द. साखरखेर्डा पोळीच्या कणकेसारखी सैल झाली होती.

"याले जरा ऊब द्या लागते," काका म्हणाले. "होळी पेटू द्या, शेकून घेतो, मंग वाजवतो."

"वाजल्याशिवाय होळी पेटत नाही," थोरले म्हणाले. "तूच म्हणत होता ना बे? चार वर्षं हेच सांगून राह्यला होता."

झालं. डफडं गरम झाल्याशिवाय वाजेना, आणि डफडं वाजल्याशिवाय जाळ उघडा होईना. पोरं खिदळायला लागली. एकानं डीजेच्या बटणावर हात ठेवला. काका डफडं छातीशी धरून तसेच उभे होते. तोंडातून घोषणा काही फुटेना.

मला थंडी वाजत होती. ओली साडी अंगाला चिकटली होती आणि हा घोळ लवकर सुटेल असं दिसत नव्हतं. मी उंचवटा उतरून खाली गेले. तिथे भीमनगरातल्या पहिल्याच ओसरीवर एक म्हातारी बसली होती. "मावशी, चार काड्या द्या जाळायला. कुडकुडले मी."

"घे बाई. चुलीपासच्या सुक्या हायेत." तिनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळीच पुढे सरकवली, वर थोडं तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, आणि काडेपेटी. मी रस्त्याच्या कडेला दगडांच्या मध्ये जाळ केला आणि हात शेकत बसले.

वरून थोरले ओरडले. "ओ मॅडम! होळीच्या आधी गावात दुसरा जाळ करत नसतात!"

आणि तेव्हा मला वडिलांचं बोलणं कळलं. कातडं शेकल्याशिवाय वाजत नाही. वाजवणाऱ्यांचा पहिला ठोका जर होळीच्या आधी पडायचा, तर त्यांचा जाळ त्याच्याही आधी पेटलेला असणार. इथेच, खालच्या अंगाला. माझे वडील लहानपणी आमच्या गावात अशाच जाळावर हात शेकत असणार.

"दुसरा नाही, पाटील, पहिला," मी बसल्या जागेवरून म्हणाले. "आमची होळी तुमच्या आधी पेटायची. वरून कधी दिसली नाही तुम्हाला, एवढंच."

"हाव," म्हातारी शांतपणे म्हणाली. "ह्याच दगडायमंदी."

वर थोरल्यांनी फेटा नीट केला, तो नीटच होता. आणि काका उंचवट्यावरून खाली यायला लागले. सगळ्या गावासमोर, डफडं काखेत, चिखलात पाय टाकत. माझ्यापाशी आले आणि उभे राहिले.

"शेकू काय?"

"मी डफड्याला हात लावणार नाही," मी म्हणाले. "ते आमच्या घरानं विहिरीत टाकलेलं आहे. पण जाळ कुणाचाही असतो. उभे राहू नका, बसा."

ते मांडी घालून बसले, त्या ओल्या मातीत, धुतलेल्या धोतरात. डफडं जाळावर धरलं, फिरवलं, बोटानं टिचकी मारली. फद्दचा टप्प झाला. पुन्हा फिरवलं. टप्पचा टण्ण. त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी तिथेच, जाळापाशी बसूनच, कामटी उचलली आणि घातली.

मी वाजवण्यातली जाणकार नाही. तालात नव्हतं एवढं मलाही कळलं. पण तो आवाज कानात आला नाही, सरळ छातीत आला. वर देव्हाऱ्यातला दिवा उघडा झाला, पुतण्यानं टेंभा पेटवला आणि होळीला लावला. काकांनी बघितलं नाही. तीन पिढ्यांच्या मानाची होळी त्यांच्या पाठीमागे पेटली आणि हा माणूस माझ्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पुन्हा पुन्हा डफडं शेकत, पुन्हा पुन्हा वाजवत बसला. हौस फिटेना. मी म्हटलं, "काका, फार गरम होतंय." त्यांनी ऐकलं नाही.

फाट्!

साखरखेर्डा मधोमध फाटली. पारावरून हशा आला. काकू पुढे झाल्या. आता हा माणूस रडतो की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

काकांनी फाटलेल्या भागातून बोट घातलं, कातडं चाचपलं, आणि वळून माझ्याकडे बघितलं. तोंडभर हसू.

"फाटली, मॅडम! म्हंजे कोरडी होती!" त्यांनी डफडं माझ्यापुढे धरलं. "सांगा. बोटानं सांगा. किती असन?"

डफड्याला हात लावणार नाही असं मी नुकतंच म्हणाले होते. पण आता ते डफडं राहिलं नव्हतं, फाटकं कातडं होतं. मी चिमटा घेतला. बोटाला चटका बसला.

"आठ."

ते खोटं नव्हतं. मोजलं नव्हतं, एवढंच.

काका उठले. पारावरच्या गर्दीकडे तोंड केलं, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि सगळा जीव ओतून ओरडले, "साखरखेर्डा कोरडी झालेली आहे! सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी!"

त्याच क्षणी डीजे सुरू झाला आणि कुणालाही काही ऐकू गेलं नाही. म्हातारीनं आत जाऊन चहा आणला होता. काकूंनी आत्ताच झाला म्हटलं नाही, कप घेतला, ओसरीच्या कडेला टेकल्या, एक घोट घेतला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "घेतली नोंद. बसा आता खाली."